पाणघोड्याचा कान

काकांनी हेडफोन काढून मांडीवर ठेवले आणि काचेपलीकडे बघत विचारलं,

"इथे मी काय ऐकतोय?"

काचेच्या अलीकडे चौघं बसले होते. रेकॉर्डिस्टने बटणावरचं बोट उचललं. दिग्दर्शकाने पटकथेचं पान मागे उलटलं. मुख्य लेखिका, जिला सगळे नुसतं बाई म्हणत, तिने चष्मा कपाळावर चढवला. आणि धाकटी समोरच्या पडद्यावर थांबलेल्या पाणघोड्याकडे बघत राहिली.

धाकटी हे काही तिचं खरं नाव नव्हतं. लेखकांच्या खोलीत ती आली तेव्हा सर्वांत लहान होती, म्हणून ते पडलं. पुढे तिच्याहून लहान दोघं आले, तिचं लग्न झालं, मूल झालं, तरी नाव तिचंच राहिलं.

पाणघोडा प्लंबर होता. ज्या घरात नळ दुरुस्त करायला जाई ते घर बुडवून येई, एवढ्या भांडवलावर ही कार्टून मालिका चालली होती. आत्ता तो एका स्वयंपाकघरात गुडघाभर पाण्यात, हातात पाना घेऊन उभा होता आणि फ्रीजवर चढून बसलेल्या कोंबडीला धीर देत होता.

"घाबरू नका, ताई. पाण्याला मी लहानपणापासून ओळखतो," एवढं बोलून तो थांबत असे. सगळं धूड जागच्या जागी थिजत असे. हलत असे फक्त डावा कान, एवढ्याशा वाटीसारखा. तो हळूच मागे वळे, कशाचा तरी कानोसा घेई आणि परत जागेवर येई. मग पाणघोडा म्हणे, "पाणी मला ओळखत नाही, एवढंच."

मागच्या आठवड्यात हा भाग काही मुलांना आणि त्यांच्या आईवडिलांना दाखवला होता. घासूनपुसून लिहिलेल्या विनोदांवर खुर्च्या नुसत्या करकरल्या. या कानावर मात्र सगळी खोली हसली. एक वडील तर मुलाच्या आधी. वाहिनीवाल्यांनी दुसऱ्याच दिवशी कळवलं की नव्या सीझनमध्ये कान हवा.

"सांगा की," पाणघोड्याला आवाज देणारे काका म्हणाले. "चोर आलाय असं ऐकू येत असेल तर पुढचं वाक्य दबक्या आवाजात. दूध उतू जातंय असं वाटत असेल तर घाईत. बायको हाक मारत असेल तर..."

"तर?" दिग्दर्शकाने विचारलं.

"तर ऐकूच आलं नाही असं दाखवायचं. त्याचा मला चाळीस वर्षांचा सराव आहे."

रेकॉर्डिस्ट सोडून सगळे हसले. रेकॉर्डिस्ट कधीच हसत नसे. हसलं की यंत्रावरच्या सुया हलतात, असं त्याचं म्हणणं.

"पटकथेत हे थांबणंच नाही," बाई पान बघत म्हणाल्या. "वाक्य सलग आहे. धाकटे, हा भाग तुझा. कान तू सांगितला होतास?"

"आठवत नाही," धाकटी म्हणाली. "बघून सांगते."

"उद्या सकाळी सांग. काकांना तेव्हा पुन्हा बोलावू."

बाहेर आल्यावर पाण्याच्या मशिनपाशी बाई थांबल्या. त्यांनी ग्लास भरून घेतला.

"हे बघ. लोक हसले, चांगलंच आहे. पण का हसले ते आपल्याला ठाऊक नसेल तर ते आपल्याला पुन्हा करता येणार नाही. मग तो योगायोग झाला. योगायोगाला मी नव्या सीझनमध्ये जागा कशी देऊ?"

कानाबद्दलच बोलत होत्या त्या. तरी धाकटीला ते स्वतःबद्दल वाटलं. नव्या सीझनला चार लेखकांपैकी दोघांनाच ठेवणार हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कोणी कोणाशी बोलत नव्हतं. बाळंतपणानंतर ती लवकरच घरून काम करू लागली, तेव्हा बाईंनी फोनवर एकच सांगितलं होतं: घर घरी, काम कामावर. दोन्हीकडे अर्धी अर्धी राहिलीस तर कुठेच पुरी पडणार नाहीस. ते तिने मनाशी गाठ मारून ठेवलं होतं. तेव्हापासून ऑफिसात तिने मुलीचं नाव काढलं नव्हतं. टेबलावर फोटोसुद्धा ठेवला नव्हता.

---

वरच्या मजल्यावर चित्रकार आरशात बघून गाल फुगवत होता. पाणघोड्याची सगळी हालचाल त्याच्या हातची. प्रत्येक हावभाव तो आधी स्वतःच्या तोंडावर करून बघे. त्याच्या दाढीमुळे त्याला दाढीच म्हणत.

"दाढ्या, तो कान तू का फिरवलास?"

"का, वाईट झालाय?"

"चांगला झालाय. म्हणूनच विचारतेय."

"चांगल्याची चौकशी पहिल्यांदाच होतेय," तो म्हणाला आणि आरसा पालथा घातला. "कान तुझाच आहे. आवाजात होता."

त्यांच्याकडची रीतच तशी होती. भाग लिहून झाला की तो ज्याने लिहिला त्यानेच सगळ्या पात्रांच्या आवाजात वाचून मोबाईलवर रेकॉर्ड करायचा. हा कच्चा आवाज. चित्रं त्याच्यावर हलवायची आणि चित्रं पुरी झाली की काकांसारख्या खऱ्या कलावंताने त्यावर पक्का आवाज द्यायचा. मधे दोन वर्षं सहज जात. ही मालिका तर वर्षभर रखडलीही होती. 'आज सांगितलेल्या विनोदावर दोन वर्षांनी हसणारे तुझे सासरे होते, नाहीतर तुम्ही लोक,' असं तिच्या सासूबाई म्हणत.

दाढीने फाइल शोधून लावली. धाकटीचा आवाज खर्जात, गाल फुगवून, पाणघोड्यासारखा आला. तिला हसू आलं. पाण्याला मी लहानपणापासून ओळखतो. मग काही नाही. मग, पाणी मला ओळखत नाही, एवढंच.

"ओळ विसरले असेन," ती म्हणाली.

"विसरलेला माणूस 'अं' करतो. कागद वाजवतो. निदान श्वास तरी घेतो. तू श्वास रोखलायस, हे बघ." पडद्यावर आवाजाची रेघ मधेच जवळजवळ सपाट झाली होती. "असा श्वास माणूस दोनदा रोखतो. लपताना, नाहीतर कान देताना. आता पाणघोडा लपणार कुठे? म्हणून कान फिरवला."

"मला विचारलं का नाहीस?"

"विचारणार होतो. मग वाटलं, विचारलं तर ही दुरुस्त करून पाठवेल."

ते खरं होतं. तिने फाइल मोबाईलवर मागून घेतली. जिन्यावरून उतरताना आपणच आपल्यापासून काहीतरी लपवून ठेवलंय आणि जागा विसरलोय असं तिला वाटत राहिलं, आणि त्यात, तिचं तिलाच नवल वाटलं, थोडी मजाही होती.

---

घरी आली तेव्हा तिची मुलगी ठमी आतल्या खोलीत ठोकळ्यांना समज देत होती. अजून तीन वर्षं पुरी झाली नव्हती, पण तोंड उघडलं की मिटत नसे.

"तू खाली बस. तू पण. आणि तू पडू नको हं, नाहीतर डॉक्टरकडे नेईन."

सासूबाई सोफ्यावर कपड्यांच्या घड्या घालत होत्या. "दुपारपासून शाळा भरलीय," त्या म्हणाल्या. "पटावर मीसुद्धा आहे."

धाकटी बाहेरच्या खोलीतल्या टेबलाशी बसली आणि तिचा जुना, खडखड वाजणारा कीबोर्ड तिने पुढे ओढला. पाणघोडा काय ऐकत असेल? तिने भराभर लिहिलं. चोर. फोन. मालक परत आला. दुसऱ्या खोलीत आणखी एक पाणघोडा. आत ठमीचं चालूच होतं. "आणि मग हत्ती म्हणाला की मला..."

दुसरा पाणघोडा कशाला असेल, या विचारात धाकटीची बोटं थांबली.

आतून आवाज येईना.

ती उठली, तीन ढांगांत दारात गेली. ठमी ठोकळा हातात धरून बसली होती, दाराकडे तोंड करून, अगदी गप्प.

"काय झालं गं?"

"काही नाही."

"मग बोलता बोलता थांबलीस का?"

ठमीने ठोकळ्याकडे बघितलं, जणू उत्तर त्याने द्यायचं होतं.

हे गेले काही महिने चाललं होतं. वाक्याच्या अध्येमध्ये मुलगी थांबे, कधी पटकन पुढे बोले, कधी बोलत नसे. धाकटीने पुस्तकं चाळली, मोबाईलवर नको ते वाचलं आणि शेवटी कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी यंत्रं लावून तपासलं आणि सांगितलं की कान उत्तम आहेत, गरजेपेक्षा जरा जास्तच. मेंदूबिंदूचं काही नाही ना, असं तिने विचारल्यावर डॉक्टरांनी ठमीऐवजी तिच्याकडेच निरखून पाहिलं होतं.

"अगं, पोर विचार करत असेल," सासूबाई बाहेरून म्हणाल्या. "तुझ्याच वळणावर गेलीय. तूही घास हातात धरून छताकडे बघत बसतेस. तुला कोणी कानाच्या डॉक्टरकडे नेलं का?"

 इअरफोन घेऊन धाकटी झोपायच्या खोलीत गेली आणि कपड्यांचं मोठं कपाट उघडून आत, लोंबत्या कोटांखाली बसली. तो कच्चा आवाज तिने इथेच बसून दिला होता. कपाटात आवाज घुमत नाही. दार ओढून घेतल्यावर त्या वेळची हवा परत आली. लोकर, साबण, आणि गुडघे पोटाशी घेऊन बसल्यावर येणारी कळ.

तिने आवाज पूर्ण वाढवला.

स्वतःचा खर्ज कानात गडगडला. त्याच्यामागे काहीतरी होतं. खरखर. ती अधूनमधून नव्हती, सारखी होती. तिने ओळखली. बाळाच्या खोलीतला आवाज ऐकवणारा तो छोटा पांढरा स्पीकर. आवाज देताना तो तिच्या मांडीवर असायचा. आणि त्या खरखरीत, नीट कान दिला तर, झोपलेल्या बाळाचा श्वास. येई, जाई. येई, जाई.

पाण्याला मी लहानपणापासून ओळखतो.

येई, जाई. मग येईना.

लहान बाळं श्वास घेताना मधेच थोडी थांबतात, ते काळजीचं नसतं, असं पुस्तकात लिहिलं होतं. पुस्तकावर तिचा विश्वास होता; कानावर जास्त होता. कपाटात बसलेल्या धाकटीने आत्ताही श्वास धरला, शेवट ठाऊक असून. खरखर चालू राहिली. आणि मग त्यातून एक लांब, भरलेला उसासा आला, सगळं आयुष्य पुढे पडलंय अशा निवांतपणाचा.

पाणी मला ओळखत नाही, एवढंच.

तिने ते वाक्य पुन्हा ऐकलं. विनोद म्हणून ते म्हटलेलंच नव्हतं. जीव भांड्यात पडल्यावर माणूस जे समोर येईल ते ज्या सुरात बोलतो, तो सूर होता. म्हणून ते हसवत होतं.

कपाटाचं दार बाहेरून उघडलं. ठमी उभी होती.

"तू इथे काय करतेस?"

"काम," धाकटी म्हणाली.

ठमीने मान डोलावली आणि दार नीट लावून घेतलं.

---

खरं सांगायचं नाही, हे ऑफिसला पोचेपर्यंत ठरलं होतं. काय सांगणार? की तुमचा विनोद लिहून वाचत होते तेव्हा लक्ष तिथे नव्हतं? पाणघोडा बोलत होता आणि मी दुसरीकडेच होते? बाई ज्याला अर्धं अर्धं म्हणत होत्या, त्याचा पुरावा आपल्याच आवाजात नेऊन द्यायचा, नेमका लेखक निवडायच्या आठवड्यात?

काका हेडफोन लावून तयार होते. "बोला लेखिकाबाई. कान कुठे लावू?"

"दुसरा पाइप," ती म्हणाली. "घरात दुसरा पाइप फुटतोय का, ते तो ऐकतोय."

"बरोबर," दिग्दर्शक म्हणाला. "प्लंबरच आहे तो."

काकांनी वाक्य म्हटलं. थांबले. पडद्यावर कान वळला, परतला. "पाणी मला ओळखत नाही, एवढंच." चोख झालं होतं. पण पाणघोडा आता कामाच्या काळजीत पडलेला माणूस वाटत होता. दुसऱ्यांदा त्यांनी काळजी कमी केली, तर नुसताच मठ्ठ वाटला. तिसऱ्यांदा म्हणून झाल्यावर काकांनी स्वतःच मान हलवली.

"पाइपमध्ये दम नाही, पोरी."

बाईंनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. "काढून टाकू. वाक्य सलग घ्या. वाहिनीला मी सांगेन काय ते."

दिग्दर्शकाने पेन्सिल उचलली. धाकटीला पडद्यावर तो एवढासा कान दिसत होता, मागे वळलेला, थांबलेला. पेन्सिल कागदावर टेकली.

"पाइप नाही," ती म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. तिने काचेजवळ जाऊन बोलायचं बटण स्वतः दाबलं. बाईंकडे बघून हे बोलता आलं नसतं.

"काका, शेजारच्या खोलीत बाळ झोपलंय. त्याचा श्वास ऐकू येत होता. आणि तुम्ही बोलत असताना मधेच तो ऐकू येईनासा झालाय."

काकांनी हेडफोनवरून हात काढला. त्यांना तीन नातवंडं होती. 

"मग? येतो का परत?"

"येतो."

"तरच पुढचं वाक्य?"

"तरच."

"असं सांग की मग," काका म्हणाले आणि खुर्चीत नीट बसले. "मी उगीच पाइप शोधत बसलो."

दिवा लाल झाला. घाबरू नका, ताई. पाण्याला मी लहानपणापासून ओळखतो. काका थांबले. डोळे उघडेच होते, पण काचेपलीकडचं कोणी त्यांना दिसत नव्हतं. कान वळला. खोलीत कोणी हललं नाही. कान परतला. काकांच्या खांद्यांतून काहीतरी उतरलं आणि ते कोंबडीला, जगातली सगळ्यात साधी गोष्ट सांगावी तसं म्हणाले, "पाणी मला ओळखत नाही, एवढंच."

पहिला हसला तो रेकॉर्डिस्ट. हसला, मग दचकून सुयांकडे पाहिलं आणि पुन्हा हसला. दिग्दर्शकाने पेन्सिल कानामागे खोचली.

बाई हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "कच्चा आवाज कुठे बसून दिला होतास?"

"कपाटात."

"आणि बाळ?"

"शेजारच्या खोलीत. तिथला स्पीकर माझ्या मांडीवर होता." आता लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. "मुलगी आहे. माझं लक्ष तिकडे होतं, बाई."

बाई पटकथेची पानं एकावर एक लावत होत्या. आधीच नीट लागलेली पानं त्यांनी पुन्हा लावली.

"आमच्या वेळी असले स्पीकर नव्हते," त्या म्हणाल्या. "मी दाराला फट ठेवायचे."

मग उठताना, नेहमीच्या आवाजात, "नव्या सीझनचा पहिला भाग तू लिही. वाहिनी म्हणेल कान दर पाच मिनिटांनी हवा. आपण एका भागात एकदाच द्यायचा. कंटाळा यायच्या आत संपलं पाहिजे."

---

त्या दिवशी घरी येताना तिने काहीच ठरवलं नाही. चहा घेऊन टेबलाशी बसली, कीबोर्ड ओढला. पहिला भाग. पाणघोडा पोहायला शिकतो. प्लंबर आणि पाणघोडा असूनही त्याला पोहता येत नाही हे सगळ्यांपासून त्याने लपवलंय, आणि आता ते उघडं पडणार. हात भराभर चालू लागला.

आत ठोकळ्यांची शाळा भरली होती. "आणि मग हत्ती म्हणाला, मला अंघोळच नको. मग त्याची आई म्हणाली की..."

पाणघोड्याला शिकवणार कोण? धाकटी थांबली.

आतला आवाज थांबला.

तिचे पाय नेहमीप्रमाणे उठायला निघाले. या वेळी ती उठली नाही. बोटं कीबोर्डच्या वर, अधांतरी. आत अगदी शांत होतं. ही शांतता तिच्या ओळखीची होती. काल कपाटात बसून तिने ती तीनतीनदा ऐकली होती. अशी शांतता नुसत्या गप्प बसण्याने होत नाही. त्यासाठी श्वास रोखावा लागतो.

तिने एक अक्षर दाबलं. खट्.

"...की नको तर नको," ठमी म्हणाली, "पण निदान पाय तरी धू."

धाकटीने हात उचलला. हत्ती गप्प झाला. तिने पुन्हा कळ दाबली. हत्ती पाय धुवायला निघाला.

बराच वेळ ती तशीच बसून राहिली असती, पण तेवढा वेळ नव्हता. पाणघोड्याला कोण शिकवणार ते अजून सुचलं नव्हतं. तिने दहाही बोटं कीबोर्डवर ठेवली आणि जे लागेल ते दाबायला सुरुवात केली. पडद्यावर अर्थ नसलेल्या अक्षरांची ओळ लांबू लागली, संपली, खाली दुसरी सुरू झाली. आत शाळा जोरात चालली होती.

सासूबाई घड्या घातलेले कपडे घेऊन मागून गेल्या.

"आज भरभरून सुचतंय वाटतं."

"हो," धाकटी म्हणाली आणि हात थांबू दिला नाही.